पानाचा शेक

शेक हा शब्द आमच्या घरात मी आणला. हे आधीच सांगून टाकतो. एरवी सांगायला बसलो की मी वळणं घेतो, बाकीच्यांचं काय चुकलं तेवढं तपशिलानं सांगतो, आणि माझ्यापाशी येईपर्यंत ऐकणारा चहा संपवून उठलेला असतो.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. आमचं घर निमगाव केतकीचं, पानमळ्याचं. थोरला भाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, मळा बघायचा. मी मॅट्रिक होऊन बारामतीच्या कोर्टात कारकून लागलो होतो. आठवडाभर बारामतीत खोलीवर राहायचो आणि शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं घरी यायचो. आई माझ्या लहानपणीच गेलेली. वडलांची विधवा बहीण, आमची आत्या, हिनं घर धरून ठेवलं, आणि मग दादाचं लग्न होऊन वहिनी आली. मी तेव्हा चड्डीत होतो. माझी आंघोळ, माझं आजारपण, माझी पाटी-पुस्तकं, सगळं वहिनीनं केलं. ती मला भावजी म्हणायची, तुमी म्हणायची, आणि तोंड धुतलं नाही म्हणून त्याच तोंडानं रागवायची.

पानं निवडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मांडीशी ढीग घेऊन बसली की बोलणं एकीकडं, हात एकीकडं. कुठलं पान चिरलंय, कुठल्याला डाग आहे, ते तिच्या बोटांना कळायचं. बघायची गरज नाही. अशा बाईला स्वतःच्या अंगातली गाठ कळली नसेल यावर माझा विश्वास नाही. कळली असणार, आणि बरेच दिवस तिनं सांगितलं नसणार. सांगणार तरी कुणाला? आमच्या घरात बोलणं भरपूर, पण ज्याचं बोलायला हवं ते सोडून.

मला जे कळलं ते एवढंच, की वहिनीला 'बाईमाणसाचं दुखणं' आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. पुण्याला ऑपरेशन झालं. तिथं पहिल्यांदा कॅन्सर हा शब्द ऐकला, तोही डॉक्टरांच्या तोंडून, कानात सांगितल्यासारखा. वहिनीला तो सांगायचा नाही असं दादानं ठरवलं आणि मी मान डोलावली. ऑपरेशन कुठल्या जागेचं हे तिचा पदर एका बाजूला कसा पडतोय यावरून मला समजलं. ते समजल्यावर मी तिच्याकडं सरळ बघायचं सोडलं. तीस वर्षांचा होत आलेला बाप्या, पण वहिनीची छाती हे शब्द मनातल्या मनातसुद्धा जोडून म्हणवत नव्हते. आता लिहिताना हात थांबला, तो तसाच पुढं रेटला.

जखम भरल्यावर डॉक्टर म्हणाले, आता मशीन द्यावं लागेल. डीप एक्स-रे. दोन पाळ्यांत द्यायचं. काही आठवडे रोज, मग कातडीला विसावा म्हणून महिनाभर घरी, मग दुसरी पाळी. पुण्याच्या पानबाजारातल्या आमच्या आडत्यानं राहायला खोली दिली. दादा तिच्याबरोबर राहिला आणि मी रजा संपली म्हणून परत आलो. घरी आत्या ओट्यावर वाटच बघत होती.

"काय करत्यात रं तितं? पुन्हा कापत्यात का?"

"न्हाय आत्या. मशीन हाय. खाली निजवत्यात आन् वरून..." मी अडलो. वरून कुठं, हे आलं असतं पुढं. "शेक देत्यात. इजेचा शेक."

"शेक व्हय!" आत्यानं केवढा तरी श्वास सोडला. "मग आदी न्हाय का सांगायचं, मुडद्या! मी म्हटलं पोरीला जाळत्यात का काय. शेकानं गाठ इरघळती. आमी तरी काय येगळं करतो?"

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. एका शब्दात काम झालं, आणि तो शब्द सगळ्यांना कळला. शेजारपाजारच्या बायका विचारायला आल्या तर आत्याच सांगायची, "तिला पुण्याला शेक देत्यात." अख्ख्या आळीची काळजी निम्म्यानं उतरली.

मग उपाय सुरू झाले. त्याचा मला तेव्हा जो संताप यायचा तो आजही येतो, फक्त आता कुणावर काढायचा ते ठरत नाही. बावड्याच्या एका पाहुण्यानं फडक्यात बांधून कसलीशी मुळी आणली. कळंबहून आलेली एक बाई म्हणाली, मीठ तोडा. तिची नणंद म्हणाली, मीठ चालेल, दूध तोडा. कुणी अंगारा आणला. कुणी म्हणालं, गाठीला लोखंड लागलं तिथंच बिघडलं. वहिनी पहिली पाळी संपवून घरी आली तेव्हा तिच्यासाठी काय शिजवावं यावरच भांडण जुंपलं होतं.

"मीठ न्हाय, दूध न्हाय, आंबट न्हाय," वहिनी भिंतीला टेकून म्हणाली. "आता मला पानंच घाला आनून. बांदा दाव्याला शेळीवानी."

आत्या हसली, दादासुद्धा हसला. मी मात्र चिडून म्हणालो, "कुणाचं काय ऐकू नका. डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं." हे मी मोठ्यानं म्हणालो होतो, सगळ्यांदेखत. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मात्र माझ्याच पोटात होतं.

ते असं झालं. घरी पाठवायच्या दिवशी मी पुण्याला गेलो होतो. दादा टांगा बघायला बाहेर गेलेला. वहिनी आत, नर्स तिला सांगत होती की पाणी लावू नका, जांभळ्या शाईच्या रेघा काढल्यात त्या पुसू नका. मशीन कुठं धरायचं त्याच्या त्या खुणा होत्या. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात घेतलं. बोलायला चांगला माणूस. मी बारामतीच्या वैद्यांनी दिलेली पुडी दाखवली. माझ्या खोलीच्या आळीतले ते म्हातारे वैद्य. त्यांच्याकडं वहिनीला भूक लागत नाही म्हणून गेलो होतो. ते म्हणाले होते, "पोटात घ्यायचं देतो, तोंडाला चव येईल. गाठीचं मी बोलणार नाही. वरून काही लावायचं असेल तर पुण्याच्या डॉक्टरांना विचारा, मला नको." डॉक्टरांनी पुडीचा वास घेतला, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, चालेल.

मग म्हणाले, "हे बघा, घरी तुमचं जे काही असेल ते करा. वैद्यांचं औषध घ्या, देवाचं करा, हात वर नेण्याचा व्यायाम चुकवू नका. माझी कशाला ना नाही. फक्त मशीन दिलंय त्या कातडीला काही म्हणजे काही लावायचं नाही. तेल नाही, हळद नाही, लेप नाही, गरम तर अजिबात नाही. ती कातडी आतून भाजल्यासारखी आहे. फुटली तर दुसरी पाळी वेळेवर देता येणार नाही, आणि पाळी अर्धी सोडून चालणार नाही. कळलं ना?"

"कळलं."

"घरातल्या बायकांना सांगा. नीट समजावून सांगा."

बारामतीच्या छोट्या आगगाडीत, दौंडपासून, मी ते वाक्य मनात जुळवत बसलो. 'त्या जागेला काही लावू नका.' कुठल्या जागेला, आत्या विचारणार. तिला माहीत असूनही विचारणार, तिची सवयच ती. 'ऑपरेशनच्या जागेला.' मग दादा समोर असणार. वहिनी समोर असणार. समोरच्या बाकावर वहिनी डोळे मिटून बसली होती, डाव्या हातानं लुगडं अंगापासून जरासं उचलून धरलेलं. तिलाच सांगावं, दुसरं कुणी नकोच. ती ऐकून घेईल, काही म्हणणार नाही. पण ते मी कुठं बघत सांगणार होतो? गाडी मध्येच थांबायची, चालायची. बारामती आली.

घरी पोचल्यावर आत्या म्हणाली, "काय म्हनले डाक्तर?"

मी म्हणालो, "जपा म्हणालेत. लई जपा."

बस्स. एवढंच. एवढ्या मोठ्या सांगण्याचं मी हे केलं.

"आता जपायचं न्हाय तर काय?" आत्या म्हणाली. "माज्या हातात दिलीया न्हवं? बघ तू."

आमच्याकडं जपणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नुसतं लांब राहणं याला आमच्यात जपणं म्हणत नाहीत. जपायचं म्हणजे चोळायचं, लावायचं, बांधायचं, शेकायचं.

पुढच्या शनिवारी घरी आलो तर अंगणातच एरंडेलाचा वास आला. हा वास आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या ओळखीचा. लहान मूल सर्दीनं घुरघुरायला लागलं की आत्या मळ्यातलं जून पान घ्यायची, त्याला एरंडेल लावायची, तव्यावर गरम करून छातीवर ठेवायची आणि वरून फडकं बांधायची. मलाही किती वेळा बांधलं असेल. मी आत गेलो. आत्या चुलीपाशी बसली होती. बाजूला टोपलीत निवडक पानं, एकालाही डाग नाही. ती वहिनीनंच निवडली होती हे पाहताक्षणी कळत होतं.

"काय चाललंय?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"शेक देते. दवाखान्यातला बंद हाय न्हवं महिनाभर? मंग खंड नगं पडाया. तितं इजेचा, हितं पानाचा. आन् पान्याचा थेंब लावत न्हाय हां, तिला बजावून सांगितलंय तितल्या बाईनं." आत्यानं पान तव्यावरून उचललं, आधी स्वतःच्या हाताच्या पालथ्या बाजूला लावून बघितलं, क्षणभर थांबली. "अंगाला सोसंल एवढाच देते."

तिच्या बोलण्यात कुठं चूक होती, मला सांगा. दवाखाना शेक देतो. दवाखान्यानं महिनाभर सुट्टी दिली. घरी शेकाची विद्या आहे, पानं तर घरचीच. आत्यानं हिशेब बरोबर केला होता. तिला दिलेला आकडाच खोटा होता, आणि तो मी दिला होता.

आतून वहिनीचा आवाज आला. "भावजी आलं का? च्या ठिवा म्हनावं त्यांना."

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. पान अजून आत्याच्या हातात होतं. मी तोंड उघडलंही. आणि काय म्हणालो?

"लई गरम नको."

गप्प राहिलो असतो तरी परवडलं असतं. घरातला शिकलेला माणूस, डॉक्टरांशी बोलून आलेला, तो म्हणाला लई गरम नको. म्हणजे बेताचा गरम चालतो. आत्या पान घेऊन आत गेली, दार ओढून घेतलं. मी चुलीपाशी उभा राहून चहाला आधण ठेवलं.

रविवारी सकाळच्याच गाडीनं मी बारामतीला पळालो. पुढच्या शनिवारी कोर्टाचं काम आहे म्हणून निरोप धाडला. काम काही नव्हतं. कुणाकुणावर चिडत खोलीवर बसून राहिलो. आत्यावर चिडलो, की हिला काय कळतं. दादावर चिडलो, की नवरा असून हा दवाखान्यात टांगे शोधत फिरतो. डॉक्टरांवरसुद्धा चिडलो, की बाईचं दुखणं बाईला का नाही सांगत, मला व्हरांड्यात का घेतात. यातला शेवटचा राग अजूनही मला खोटा वाटत नाही. पण तो राग खरा असल्यानं माझं काही सुटत नाही.

दुसऱ्या पाळीसाठी पुण्याला निघालो तेव्हा वहिनी गाडीत टेकून बसू शकत नव्हती. दवाखान्यात तिला आत घेतलं. बराच वेळ आत ठेवलं. मग डॉक्टर दारात आले.

"रेघा कुठं गेल्या? काय लावलंत तुम्ही?"

"आमच्या आत्यानं पान बांधलं हुतं, गरम करून," दादा म्हणाला. "तेलाचं."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. कातडी फुटली होती, पाणी धरलं होतं. जखम सुकल्याशिवाय मशीन देता येत नाही म्हणाले, आणि परत आत गेले.

दादा औषधं आणायला गेला. वहिनी येऊन माझ्याशेजारी बाकावर बसली. मी समोरच्या भिंतीकडं बघत होतो.

"भावजी, डाक्तर आत म्हनत हुते, तुमच्या दिराला सांगितलं हुतं सगळं."

आता ती स्वतःच विचारत होती. वाक्य जुळवायचं नव्हतं, जागेचं नाव घ्यायचं नव्हतं. नुसतं व्हय म्हणायचं होतं.

"न्हाय," मी म्हणालो. "मला तसं काय न्हाय सांगितलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. चिरलेलं पान तिला न बघता कळायचं, मी तर समोरच बसलो होतो.

"न्हाय ना?" ती म्हणाली. "मंग त्येंचीच काय तरी गफलत झाली आसंल. जाऊ द्या."

दादा आला तेव्हा ती त्याला यातलं अक्षर बोलली नाही. नंतरही कधी नाही.

घरी आल्यावर दादा आत्याला जे बोलायचं ते बोलला. एरवी तिच्यापुढं आवाज न चढवणारा माणूस. "तुज्या पानानं घात केला. कुनी सांगितलं हुतं तुला?" आत्या मळ्यातून आली होती, पाय अनवाणी, मातीचे. मळ्यात आम्ही वहाणा घालून जात नाही. ती तशीच अंगणात उभी राहिली.

"आरं पर तितं शेकच देत हुते न्हवं?" ती म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "व्हय रं? तूच म्हनाला हुतास."

"तो शेक येगळा असतो, आत्या," मी म्हणालो.

शब्द तपासून बघा, एकही खोटा नाही. कोर्टात राहून मी एवढं शिकलो होतो.

जखम सुकायला फार दिवस गेले. दुसरी पाळी झाली, पण उशिरा आणि अर्धवट. तोवर दुखणं दुसरीकडं सरकलं होतं. वेळेवर पाळी झाली असती तर वहिनी वाचलीच असती असं डॉक्टरही म्हणाले नाहीत. मी मुद्दाम विचारलं होतं. त्यांचं ते उत्तर मी कित्येक वर्षं पांघरुणासारखं वापरलं. त्याची ऊब काही लागली नाही.

उरलेल्या दिवसांत वैद्यांच्या औषधानं तिला दोन घास जात होते. डॉक्टरांनी शिकवलेला व्यायाम ती पानमळ्यात करायची. वेलाच्या आधाराच्या झाडावर बोटांनी चढत चढत हात वर न्यायची, आणि पोचेल तिथं गवताचा बंद बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर. पुढं बंद वर जायचा थांबला, मग खाली यायला लागला, तरी बांधायची. तिचा दंड सुजायचा. दवाखान्यातल्या नर्सनं मनगटाकडून खांद्याकडं हलक्या हातानं चोळायला सांगितलं होतं, तेल न लावता, मशीनची जागा सोडून. या वेळी नर्सनं ते वहिनीलाच सांगितलं. पण आत्या तिच्या अंगाला हात लावायला तयार नव्हती.

"आत्याबाई, या की हिकडं. चोळा माजा हात."

"माजा हात नगं बाई तुला."

"तुमचं काय चुकलं न्हाय, आत्याबाई. या." आणि मी बाहेर ओट्यावर आहे हे माहीत असताना, पुन्हा एकदा, "तुमचं कायसुदिक चुकलं न्हाय."

आत्या गेली. दंड चोळता चोळता रडायची, आणि वहिनी तिला गप करायची. मला आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. वहिनीला ते बोलता येत नव्हतं, कारण ते बोललं की मी उघडा पडत होतो, आणि वाढवलेल्या पोराला ती उघडं पाडणार नव्हती. म्हणजे बोलणारा मीच उरलो होतो. मी ओट्यावर बसून राहिलो. वहिनी गेली तेव्हाही बसूनच होतो.

त्यानंतर आमच्या घरात पानाचा शेक कुणाला दिला नाही. माझी मुलं झाली, सर्दीनं घुरघुरली. बायको म्हणायची, आत्याबाई, पान बांधता का? आत्या हात पदराखाली घ्यायची. "माज्या हातानं नगं." बाळाच्या सर्दीचा आणि त्या मशीनचा काय संबंध? काही नाही. पण तिला ते कोण सांगणार?

गेल्या उन्हाळ्यात मी सांगितलं. आत्या आता फार म्हातारी आहे. दिसतं कमी, ऐकू चांगलं येतं. दुपारी ओट्यावर दोघंच होतो. मी पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टरांनी मला व्हरांड्यात काय सांगितलं, मी घरी काय सांगितलं, तव्यापाशी उभा राहून काय म्हणालो. वहिनीच्या छातीला तेल लावू नका, शेक देऊ नका, हे मला स्वच्छ सांगितलं होतं, असं म्हणालो. छाती म्हणालो. इतक्या वर्षांनी तो शब्द निघाला, आणि त्यात काहीसुद्धा नव्हतं. मुलाबाळांसमोर म्हणता येईल इतका साधा शब्द.

आत्या ऐकत होती. मग तिनं चाचपत माझा हात शोधला आणि थोपटला.

"आसू दे, बाबा. माजं मन राखतूस व्हय."

"मन राखत न्हाय, आत्या. खरं सांगतोय. चूक माझी हाय. तुजं काय चुकलं न्हाय."

"तीबी आसंच म्हनायची," आत्या म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढला माझा. आतून बायको बघायला आली. डॉक्टर, व्हरांडा, गाडी, जपा, सगळं पुन्हा एकदा. आत्या मान डोलवत राहिली, लहान मुलाचं ऐकून घेतात तशी. माझं सांगून झाल्यावर तिनं हात पदराखाली घेतले.

"लई चांगली हायसा तुमी दोगंबी," म्हणाली. "जा, आता च्या घे."